फेलिक्स दे अझारा : पुस्तकावाचून पक्षी ओळखणारा माणूस

दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात उंच झाडांच्या शेंड्यांवर एक इवलासा गाणारा पक्षी राहतो. लांबी जेमतेम चार-साडेचार इंच, वजन सात ग्रॅमच्या आसपास. डोके निळसर राखाडी, पाठीच्या मधोमध हिरवट छटा, गळा आणि छाती पिवळीधमक. नराच्या डोळ्यांपाशी काळा पट्टा असतो. पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत या पक्ष्याचे नाव सेटोफागा पितिआयुमी असे दिलेले आढळते. यातला पहिला शब्द ग्रीक वळणाचा आहे. दुसरा मात्र ग्रीकही नाही आणि लॅटिनही नाही. तो ग्वारानी भाषेतला आहे. ग्वारानी ही पॅराग्वे आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील मूळ रहिवाशांची भाषा, आणि या शब्दाचा अर्थ छोटी पिवळी छाती असा आहे. रानात राहणाऱ्या साध्या माणसांनी पक्ष्याला दिलेले नाव जगभरच्या विद्वानांच्या ग्रंथांत कसे जाऊन बसले, हे शोधू लागले की आपण एका विलक्षण माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचतो. त्याचे नाव फेलिक्स दे अझारा.

अझारा हा पक्षिशास्त्रज्ञ नव्हता. प्राणिशास्त्राचे एक पानही त्याने शाळेत वाचलेले नव्हते. तो सैन्यातला इंजिनिअर होता आणि दोन राज्यांमधील सीमा आखण्यासाठी त्याला समुद्रापार पाठविण्यात आले होते. ती सीमा काही त्याच्या हातून आखली गेली नाही. परंतु रिकाम्या वेळात त्याने जे केले त्याने त्याचे नाव अमर झाले. सोपविलेले काम फसावे आणि आपखुशीने केलेले काम टिकावे, असा योग फार थोड्यांच्या आयुष्यात येतो.

फेलिक्सचा जन्म १७४२ साली स्पेनच्या आरागोन प्रांतात, हुएस्का शहराजवळच्या बार्बुन्यालेस या खेड्यात झाला. घराणे खानदानी होते. त्याचा थोरला भाऊ निकोलास हा पुढे स्पेनचा नामांकित मुत्सद्दी झाला. रोम येथे आणि नंतर पॅरिस येथे त्याने आपल्या राजाचे प्रतिनिधित्व केले. निकोलास लहानपणीच शिक्षणासाठी घराबाहेर पडला आणि फेलिक्स वयात येईपर्यंत दोघा भावांची नीट ओळखदेखील झाली नाही. फेलिक्सचे शिक्षण आधी हुएस्काच्या विद्यापीठात झाले. पण त्याचा ओढा सैन्याकडे होता. १७६४ साली तो पायदळात दाखल झाला, बार्सिलोना येथे गणित शिकला आणि लष्करी इंजिनिअर बनला. किल्ल्यांची डागडुजी, नद्यांचे बांध, नकाशे, मोजमापे यांत त्याची उमेदीची वर्षे गेली. या मोजमापाच्या सवयीचा उपयोग त्याला पुढे कोठे होणार आहे याची त्या वेळी कोणाला कल्पनाही नसेल.

१७७५ साली स्पेनने अल्जीयर्सवर स्वारी केली. या स्वारीत स्पॅनिश सैन्याची दाणादाण उडाली. अझारा किनाऱ्यावर उतरलेल्या तुकड्यांत होता. गोळी लागून तो कोसळला आणि मेला असे समजून त्याला तेथेच वाळूत टाकण्यात आले. एका खलाशाने चाकूने ती गोळी बाहेर काढली म्हणून त्याचे प्राण वाचले. बरगडीचा तुकडा गेला तो गेलाच. जखम भरायला वर्षानुवर्षे लागली आणि मधूनमधून ती पुन्हा उघडत असे. याच सुमारास पोटाच्या विकारामुळे त्याने वैद्याच्या सल्ल्यावरून पाव खाणे सोडले, आणि युरोपचा माणूस असूनही जन्मभर पावाला हात लावला नाही. मृत्यूच्या दारातून परत आलेला हा माणूस काटक झाला, मितभाषी झाला आणि थोडक्यात भागविणारा झाला.

त्या काळी दक्षिण अमेरिकेचा बराचसा भाग स्पेन आणि पोर्तुगाल या दोन सत्तांनी वाटून घेतला होता. पण कोणाची हद्द कोठे संपते याबद्दल नेहमीच तंटा असे. १७७७ साली सान इल्देफोन्सो येथे दोघांमध्ये तह झाला आणि दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन सीमा आखावी असे ठरले. स्पेनच्या बाजूने जे अधिकारी नेमले गेले त्यांत अझारा होता. १७८१ साली त्याला अचानक हुकूम आला. स्पेनचे इंग्लंडशी युद्ध चालू असल्यामुळे स्पॅनिश जहाजाने जाणे धोक्याचे होते, म्हणून तो लिस्बनहून पोर्तुगीज जहाजाने निघाला. ज्यांच्याशी हद्दीचा वाद घालायचा त्यांच्याच जहाजातून तो वाद घालायला निघाला होता. त्या वेळी त्याचे वय एकोणचाळीस होते. दोन-चार वर्षांत काम उरकून घरी परतू, असेच त्याला वाटत असणार. प्रत्यक्षात तो परतला तो वीस वर्षांनी.

१७८४ च्या आरंभी अझारा पॅराग्वेची राजधानी असुन्सियोन येथे पोहोचला. माणसे, घोडे, उपकरणे सर्व तयारी होती. पण पलीकडच्या बाजूचे पोर्तुगीज अधिकारी काही आलेच नाहीत. आज येतील, उद्या येतील असे करता करता महिने गेले, मग वर्षे गेली. सीमा आखली गेली तर काही मुलूख सोडावा लागेल हे पोर्तुगिजांना ठाऊक होते, आणि ती आखली न जाण्यातच त्यांचा फायदा होता. अझाराने हे लवकरच ओळखले. वरिष्ठांना पत्रे लिहिली. उत्तर एकच : थांबा.

आपल्या भागातल्या वाचकाला सीमाप्रश्न म्हणजे काय आणि थांबणे म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण असे थांबावे लागले की माणसाचे दोन प्रकार दिसतात. एक दिवस मोजतो आणि दुसरा दिवसांचे काहीतरी करतो. अझारा दुसऱ्या प्रकारातला होता. तेरा वर्षे पॅराग्वेत राहणे नशिबी आलेच आहे, तर या मुलखाचा नकाशा तरी तयार करावा असे त्याने ठरविले. त्यासाठी तो गावोगाव, नदीकाठाने आणि रानावनातून फिरू लागला. दिवसा सूर्याचा आणि रात्री ताऱ्यांचा वेध घेऊन तो प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश काढी. असे फिरता फिरता त्याची नजर जमिनीवरून झाडांवर गेली.

त्याच्या प्रवासाची पद्धत मोठी मनोरंजक होती. स्वतःसाठी थोडे कपडे, थोडी कॉफी आणि मीठ. सोबतच्या माणसांसाठी तंबाखू आणि माते नावाच्या पेयाची पाने. वाटेत भेटणाऱ्या आदिवासींची मैत्री जोडण्यासाठी काचेचे मणी, फिती आणि चाकू. एवढेच सामान. घोडे मात्र भरपूर असत. मुलूख माहीत असलेला वाटाड्या पुढे चाले. मुक्कामाची जागा ठरली की आधी सर्व घोडे त्या गवतातून इकडून तिकडे फिरवीत, म्हणजे दडून बसलेले विषारी साप निघून जात किंवा टापांखाली मरत. मग अंथरुणे पडत.

आता अरण्यातले पक्षी ओळखणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मैदानावरचा पक्षी दिसतो. पाण्यावरचा पक्षी तर तासन् तास दिसतो. पण दाट रानातला लहान पक्षी आधी ऐकू येतो, आणि पुष्कळ वेळा नुसता ऐकूच येतो. पानांच्या गर्दीत तो क्षणभर दिसतो न दिसतो तोच उडून जातो. शिवाय नराचा रंग एक, मादीचा दुसरा आणि पिल्लाचा तिसरा. पॅराग्वेत बतारा नावाचे पक्षी आहेत. झुडपांच्या दाट जाळीत राहणारे, आकड्यासारखी चोच असलेले, किडे वेचून खाणारे. त्यांतल्या सर्वांत मोठ्या परिचित जातीचा नर वरून काळा, खालून पांढरा आणि डोळे लालभडक. मादी मात्र वरून तांबूस विटकरी. त्याचा आवाज म्हणजे फरशीवर टाकलेला चेंडू जसा आधी सावकाश आणि मग भराभर उसळतो तशी सुरांची मालिका, आणि शेवटी एक नाकातला गुरगुराट. दुसऱ्या एका जातीचा नर राखाडी-काळा आणि मादी पिंगट. माहिती नसलेला माणूस या नर-माद्यांना चार वेगळे पक्षी समजेल आणि त्यात त्याचा काही दोष नाही. युरोपात अशा वेळी ग्रंथ उघडता येतो, संग्रहालयातला पेंढा भरलेला नमुना शेजारी ठेवता येतो, जाणत्याला विचारता येते. अझाराजवळ यांपैकी काहीही नव्हते.

सुरुवातीला त्याने पक्षी टिकवून ठेवण्याचा प्रयत्न केला. मद्यार्कात बुडवून त्याने पुष्कळ पक्षी माद्रिदच्या राजसंग्रहालयाकडे पाठविले. महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासात असा माल किती टिकणार? त्यातून काही निष्पन्न झाले नाही. दुसरा एखादा असता तर येथेच हात झटकून मोकळा झाला असता. अझाराने वेगळा विचार केला. पक्षी टिकत नसेल तर पक्ष्याचे वर्णन टिकले पाहिजे. ते इतके नेमके असले पाहिजे की हजारो मैल दूर असलेल्या माणसाला, तो पक्षी कधीही न पाहता, हा अमुकच असे सांगता यावे.

यासाठी त्याने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. पक्षी हाती आला की तो ताजा असतानाच बसून सर्व लिहून काढायचे. आठवणीवर काहीही ठेवायचे नाही. एकूण लांबी किती, पंखांची किती, शेपटीची किती, चोचीची किती. शेपटीत पिसे किती आणि त्यांतले कोणते लांब, कोणते आखूड. रंग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो. डोळे कोणत्या रंगाचे, पाय कोणत्या रंगाचे. त्यानंतर सवयी : जोडीने राहतो की थव्याने, जमिनीवर उतरतो की झाडावरच असतो, घरटे कसे, ओरडतो कसा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात आपल्या रोजकीर्दीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशीच त्याची नोंद झाली पाहिजे, आणि ती अशी की वीस वर्षांनी परक्या माणसाने वही उघडली तरी त्याला सर्व उलगडा व्हावा. अझाराने पक्ष्यांची रोजकीर्द लिहिली. खतावणी पुढे दुसऱ्यांनी केली.

या कामात त्याला एक चांगला सोबती मिळाला. सान इग्नासिओ ग्वाझू या गावी पेद्रो ब्लास नोसेदा नावाचा धर्मगुरू होता. त्यालाही पक्ष्यांचा नाद लागला. तो आपल्या परिसरातले पक्षी पाहून त्यांची टिपणे अझाराकडे पाठवी आणि अझारा ती नोसेदाच्या नावानिशी आपल्या वहीत उतरवून घेई. दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपविण्याचा मोह त्याला कधी झाला नाही.

नावांचा प्रश्न मात्र अवघड होता. स्वीडनच्या लिनियसने प्रत्येक जातीला दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत सुरू केली होती, पण अझाराला त्या पद्धतीत गती नव्हती. त्याने सरळ मार्ग धरला. जेथे स्थानिक लोकांकडे पक्ष्याला नाव होते तेथे त्याने तेच घेतले. चोपी, सुइरिरी, बतारा, आबिया, ताचुरी ही सर्व ग्वारानी नावे त्याच्या पुस्तकात जशीच्या तशी आली. जेथे नाव मिळाले नाही तेथे रंगावरून किंवा सवयीवरून त्याने स्पॅनिशमध्ये वर्णनात्मक नाव बनविले. ग्वारानी नावे पुष्कळदा पक्ष्याच्या आवाजावरूनच पडलेली असत. ज्या रानात डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात तेथील लोकांनी कानांनीच पक्षी ओळखले होते. खरे म्हणजे हे लोकच अझाराचे पहिले गुरू. त्यांची भाषा त्याने तुच्छ मानली नाही, म्हणून ती आज शास्त्रात जिवंत आहे. तरी एक गोष्ट विसरता कामा नये. तो एका साम्राज्याचा अधिकारी होता, आणि आदिवासींच्या चालीरीतींबद्दल त्याने जे लिहिले त्यावर त्या काळाची आणि त्या अधिकाराची छाया आहे. पक्ष्यांकडे तो जितक्या स्वच्छ नजरेने पाहू शकला तितक्या स्वच्छ नजरेने त्याला माणसांकडे नेहमीच पाहता आले असे नाही.

पुष्कळ वर्णने लिहून झाल्यावर एक दिवस त्याच्या हाती पुस्तक पडले. ते होते फ्रान्सच्या ब्यूफाँ या जगद्विख्यात निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर. सबंध युरोप ज्याच्या शब्दाला मान देत होता त्या ब्यूफाँने अमेरिकेचे पशुपक्षी अमेरिकेत न जाता, इतरांनी आणलेल्या कातड्यांवरून आणि प्रवाशांच्या हकिगतींवरून वर्णिले होते. अझारा पाने उलटू लागला आणि चकित झाला. एका पक्ष्याचे गुण दुसऱ्याला चिकटवलेले, एकाच जातीच्या दोन केलेल्या, दोन जातींची एक केलेली. त्याने आपली टिपणे शेजारी ठेवून एकेक चूक दाखविण्यास सुरुवात केली. यात त्याचा सूर कधीकधी गरजेपेक्षा कडक झाला. ब्यूफाँजवळ नमुने होते पण रान नव्हते, आणि अझाराजवळ रान होते पण नमुने नव्हते. त्यामुळे अझाराच्याही काही दुरुस्त्या पुढे दुरुस्त कराव्या लागल्या. तरीसुद्धा, पॅराग्वेच्या एका कोपऱ्यात बसलेल्या अप्रसिद्ध अधिकाऱ्याने केवळ प्रत्यक्ष पाहण्याच्या जोरावर जगन्मान्य ग्रंथकाराशी वाद घालावा, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

पक्ष्यांबरोबरच त्याने चतुष्पाद प्राण्यांचीही अशीच नोंद ठेवली. प्रांताचे नकाशे केले आणि असुन्सियोनच्या नगरसभेच्या मागणीवरून त्या प्रांताचे सविस्तर वर्णन लिहून दिले. १७९६ मध्ये त्याची पॅराग्वेतून सुटका झाली. पुढे ब्वेनोस आयरेसच्या परिसरात त्याच्यावर निरनिराळी कामे सोपविण्यात आली. १८०० साली त्याने पोर्तुगीज हद्दीलगत बातोवी नावाची वसाहत वसविली. जमिनींची वाटणी करण्याच्या कामी त्याच्या हाताखाली होसे आर्तिगास नावाचा एक तरुण अधिकारी होता. हाच आर्तिगास पुढे उरुग्वेचा राष्ट्रपुरुष झाला. परंतु १८०१ साली पुन्हा युद्ध पेटले आणि बातोवी पोर्तुगिजांच्या हाती गेले. आज ते गाव ब्राझीलमध्ये आहे. ज्या सीमेसाठी वीस वर्षे गेली ती अशी डोळ्यांदेखत पुसली गेली. त्याच वर्षी अझाराला स्पेनला परतण्याची परवानगी मिळाली. जाताना तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, परत आला तेव्हा साठीच्या.

परतल्यावर तो पॅरिसला आपल्या भावाकडे गेला. जन्मभरात एकमेकांना जेमतेम पाहिलेले हे दोघे भाऊ आता म्हातारपणी एकत्र आले. निकोलासमुळे त्याला पॅरिसच्या विद्वानांत प्रवेश मिळाला. तेथील संग्रहालयात त्याने आपल्या परिचयाचे पक्षी पेंढा भरलेल्या अवस्थेत पुन्हा पाहिले आणि आपली वर्णने पडताळली. पण हे भावांचे सुख फार काळ टिकले नाही. १८०४ च्या जानेवारीत निकोलास वारला.

ग्रंथ मात्र बाहेर पडू लागले. चतुष्पादांवरील ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर १८०१ सालीच पॅरिस येथे निघाले होते. मूळ स्पॅनिश ग्रंथ १८०२ साली माद्रिद येथे प्रसिद्ध झाला. पॅराग्वे आणि रिओ दे ला प्लाता या प्रदेशांतील पक्ष्यांवरील ग्रंथ १८०२ ते १८०५ या काळात तीन खंडांत निघाला. त्यात ४४८ पक्ष्यांची क्रमांकवार वर्णने होती. १८०९ मध्ये त्याचे प्रवासवर्णन फ्रेंच भाषेत छापले गेले. त्याला क्यूव्हिए या थोर शास्त्रज्ञाच्या टीपा जोडल्या होत्या.

१८०५ साली स्पेनचा श्रेष्ठ चित्रकार गोया याने अझाराचे चित्र काढले. नौदलाचा गणवेश घातलेला हा माणूस उभा आहे आणि त्याच्या मागे पशुपक्षी मांडलेले आहेत. हे चित्र सारागोसा येथे आजही पाहायला मिळते. राजाने त्याला मेक्सिकोचा व्हाइसरॉय नेमण्याची इच्छा दाखविली होती असे सांगतात, पण त्याने नकार दिला. पुढे फर्डिनांड राजाच्या काळात मिळू घातलेला मानाचा किताबही राजाची दडपशाही पसंत नसल्यामुळे त्याने स्वीकारला नाही. तो आपल्या गावाकडे परतला. लग्न त्याने केले नव्हते. शेतीवाडी आणि गावची कामे यांत त्याचे उरलेले दिवस गेले. २० ऑक्टोबर १८२१ रोजी हुएस्का येथे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले.

चरित्र येथे संपते, पण वर्णनांची कथा येथून पुढे सुरू होते. फ्रान्समध्ये व्हिएयो नावाचा पक्षिशास्त्रज्ञ होता. त्याच्यासमोर पॅराग्वेचे पक्षी नव्हते. समोर होते ते अझाराचे पुस्तक. ते वाचून त्याला कळून चुकले की यांतल्या कितीतरी जाती शास्त्राला संपूर्णपणे नव्या आहेत. १८१६ पासून पुढे तो या वर्णनांच्या आधारे एकेका जातीला लॅटिन पद्धतीची नावे देऊ लागला. मोठा बतारा ताराबा मेजर झाला. काळा, गोड गळ्याचा चोपी आपले ग्वारानी नाव घेऊनच शास्त्रात आला. सुइरिरी तर आज दोन्ही शब्दांनी सुइरिरीच आहे. आणि ती छोटी पिवळी छाती १८१७ साली पितिआयुमी या नावाने जगाला माहीत झाली. पक्षी न पाहता, केवळ शब्दांवरून, शेकड्याहून अधिक जातींची अशी नोंद झाली. वर्णन सैल असते तर हे कदापि शक्य झाले नसते.

नामकरणाचा नियम असा आहे की ज्याने प्रथम शास्त्रीय नाव छापले त्याचे नाव त्या जातीपुढे लागते. त्यामुळे या सर्व पक्ष्यांपुढे व्हिएयोचे नाव आहे. अझाराचे एकाही पक्ष्यापुढे नाही. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण शास्त्रज्ञ कृतघ्न नव्हते. १८४७ साली जर्मनीच्या हार्टलाउबने अझाराच्या ४४८ वर्णनांची एकेक करून तपासणी केली आणि कोणते वर्णन कोणत्या जातीचे याची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली. हिशेबतपासनीसाने वही तपासावी तसे हे काम होते. काही वर्णने एकाच जातीच्या नराची आणि मादीची किंवा पिल्लाची निघाली. काहींचा उलगडा पटकन झाला नाही. परंतु बहुतेक सर्व नोंदी खऱ्या उतरल्या. मधल्या काळात नमुने गोळा करणारे लोक पॅराग्वेत आणि शेजारच्या देशांत जाऊन आले होते, आणि अझाराने जेथे जो पक्षी सांगितला होता तेथे तो सापडत होता.

चार्ल्स डार्विनही अझाराचे ग्रंथ वाचून त्यांतील दाखले देत असे. पॅराग्वेत गुरे आणि घोडे रानटी होऊन का वाढत नाहीत? तर एक माशी नवजात वासरांच्या आणि शिंगरांच्या बेंबीत अंडी घालते म्हणून. ही अझाराने आणि त्याच्यानंतर तेथे गेलेल्या रेंगरने सांगितलेली माहिती डार्विनने जातींच्या उगमावरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात वापरली आहे. एक क्षुद्र माशी, तिच्यावर जगणारे पक्षी, गुरांची संख्या आणि रानातली झाडे यांची साखळी कशी जुळलेली असते, हे दाखविण्यासाठी त्याला या माहितीचा उपयोग झाला.

अझाराच्या सन्मानार्थ अनेक प्राण्यांना त्याचे नाव देण्यात आले. त्यांत रात्री जागणारे एक माकड आहे आणि एक लहानसा अरण्यपक्षीही आहे : सिनालॅक्सिस अझारे. तांबूस पंखांचा, लांब टोकदार शेपटीचा, झुडपांत लपून दोनच सुरांची हाक पुन्हा पुन्हा देणारा हा पक्षी. १८३५ साली द'ऑर्बिन्यी याने त्याला हे नाव दिले. गंमत अशी की हा पक्षी अँडीज पर्वताच्या उतारांवर राहतो आणि अझाराचे आयुष्य गेले ते पूर्वेच्या सखल मुलखात. ज्या पक्ष्याला त्याचे नाव मिळाले तो त्याच्या मुलखातला पक्षीच नव्हे.

मित्रहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? अझाराजवळ पदवी नव्हती, ग्रंथालय नव्हते, गुरू नव्हता, आणि आपले लिखाण कोणी वाचेल याची खात्रीही नव्हती. आपल्यातल्या पुष्कळांची तक्रार अशी असते की आम्ही लहान गावचे, आमच्याजवळ साधने नाहीत, मग आमच्या हातून काय होणार? अझाराने साधने नाहीत म्हणून पाहणे थांबविले नाही. जे समोर आहे ते नीट पाहावे, त्याच दिवशी लिहावे, मोजून लिहावे, आणि जे पाहिले नाही ते पाहिले असे लिहू नये, एवढेच त्याचे भांडवल होते.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्या अंगणातल्या एकाच पक्ष्याला आपण चिमणी म्हणतो आणि आपला शेजारी गुब्बच्ची म्हणतो. आपली साळुंकी त्याची गोरवंक. दोन्ही नावांमागे पिढ्यान् पिढ्यांचे पाहणे आहे. अझाराने ग्वारानी नावे लिहून ठेवली नसती तर त्यांतली किती नावे आज उरली असती कोण जाणे. पॅराग्वेने १९९२ च्या आपल्या राज्यघटनेत स्पॅनिशच्या जोडीला ग्वारानीलाही राजभाषेचा मान दिला. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी एका परक्या माणसाने त्या भाषेतली पाखरांची नावे कागदावर उतरवून ठेवली होती.

स्पेन आणि पोर्तुगाल यांची ती तहातली सीमा आज इतिहासाच्या पुस्तकांपुरती उरली आहे. ती छोटी पिवळी छाती मात्र मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या रानांत अजून गाते आहे, आणि तिचे ग्वारानी नाव जगातल्या प्रत्येक पक्षिसूचीत आहे.